लाल-हिरव्याचा गोंधळ आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

मिक्सर मध्येच बंद पडतोय, म्हणून सॉकेटमधून काढून प्लग उघडलात, तर आत तीन वायर दिसतील. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. सुटलेली वायर रंग बघून परत स्क्रूखाली आवळायची, झालं. पण ज्याला रंगच नीट ओळखता येत नाहीत, त्याने काय करायचं?

सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी उभी करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर असेच होते. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे रंगांधळेपणा लक्षात आला. पेंटिंग सुटलं. मग ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले. तिथे रंग लागत नाही, रेषा लागते! पुढे व्हीजेटीआयमध्ये शिकवूही लागले.

रंगांधळेपणात लाल, हिरवा, तपकिरी यांचा गोंधळ फार होतो. जुन्या वायरिंगमध्ये फेज लाल आणि अर्थ हिरवी. ही अदलाबदल झाली तर उपकरणाच्या धातूच्या भागातच करंट येतो. म्हणून आता अर्थच्या वायरवर दोन रंगांचे पट्टे असतात. रंग नाही कळला तरी पट्टा दिसतो. तुमच्या मिक्सरला जुनी लाल-काळी-हिरवी वायर असेल तर अंदाजाने जोडू नका. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. मोटरच्या लोखंडी भागाशी जी वायर बीप देते ती अर्थ. एकापेक्षा जास्त वायरींनी बीप दिली तर आत शॉर्ट आहे, थेट मिस्त्रीकडे न्या.

लक्ष्मणरावांना नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा ते बेळगावला परतले. तिथे सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर सुरुवातीला खपेना. यंत्रात बिघाड नव्हता. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती निघायला दोनेक वर्षं गेली. माझ्या मते त्यांचं सगळ्यात अवघड रिपेअरिंग हेच.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या (आता सातारा जिल्हा) पंतप्रतिनिधींनी संस्थानातली कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली. निवडुंग काढून १९१० मध्ये कारखाना सुरू झाला. नांगरांनंतर तिथे पंप बनू लागले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे.