शरदबाबू आणि वीस रुपये

देवदास कोण, हे आपल्यापैकी कुणाला सांगावे लागत नाही. दाढी वाढवून कँटीनच्या कोपऱ्यात एकटा बसलेला विद्यार्थी दिसला, की मित्रमंडळी त्याचे ताबडतोब ‘देवदास’ असे बारसे करून टाकतात. कादंबरी वाचलेली नसली तरी चालते. सिनेमाने ते काम केव्हाच करून ठेवले आहे. पण हा देवदास ज्यांच्या लेखणीतून उतरला त्या शरच्चंद्र चट्टोपाध्यायांचे आयुष्य कसे गेले, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. मलाही गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. मामा वरेरकरांनी शरदबाबूंचे वाङ्मय मराठीत आणले. ते वाचता वाचता लेखकाच्या चरित्राकडे वळलो आणि एका जागी अडलो. ती जागा म्हणजे वीस रुपये.

शरदबाबूंचा जन्म १५ सप्टेंबर १८७६ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यातल्या देवानंदपूर या खेड्यात झाला. वडील मोतीलाल आणि आई भुवनमोहिनी. मोतीलाल स्वभावाने स्वप्नाळू. एक नोकरी धड टिकेना. कथा, कादंबऱ्या, नाटके लिहायला घेत, पण शेवटास एकही नेत नसत. घरातल्या पेटीत बापाचे हे अर्धवट लेखन पडलेले असे. पोरगा ते चोरून वाची आणि पुढे काय झाले असेल याचा विचार करीत रात्र रात्र जागे. बापाकडून मुलाला मिळालेली इस्टेट म्हणायची तर एवढीच.

दारिद्र्य असह्य झाले की सारे कुटुंब भागलपूरला आजोळी जाई. आजोळ गांगुलींचे, मोठे, कर्मठ आणि कडक शिस्तीचे घर. त्या घरात मोतीलालांचे स्थान काय, तर सासरच्या आधाराने राहणारा जावई! आणि पोराचे स्थान आश्रिताचे. आपल्याकडे कुणाच्या घरी शिकायला राहिलेल्या मुलाला हे स्थान बरोबर कळेल. ताटात पडते सगळ्यांसारखेच, पण दुसऱ्यांदा मागताना जीभ अडखळते. माझी अशी पक्की समजूत झाली आहे, की शरदबाबूंना माणसे दिसू लागली ती या जागेवरून. माजघरात कोण कुणाला काय बोलते, कोणती जाऊ माहेरच्या पैशावर ताठ आहे आणि कोणती मुकाट्याने राबते आहे, विधवा मुलीच्या वाट्याला कोणते काम येते, हे घरच्या लाडक्या मुलाला दिसत नाही. आश्रिताला सगळे दिसते.

पुढे त्यांनी लिहिलेल्या कितीतरी कथा या माजघरातल्याच आहेत. ‘बिंदूर छेले’मधली बिंदू श्रीमंताची लेक, तिला मूल नाही, आणि जावेच्या मुलावर ती जीव टाकते. ‘मेजदिदी’त आई गेलेला पोर सावत्र बहिणीच्या दारात येतो, बहीण त्याला नोकरासारखे राबवते आणि माया करते ती तिची जाऊ, रक्ताचे काही नाते नसलेली. याच कथेवर हृषीकेश मुखर्जींनी १९६७ साली ‘मझली दीदी’ काढला. यात नायक-नायिकेचे प्रेम जवळजवळ नाहीच. कुटुंबात पैसा शिरला की मायेचे काय होते, एवढीच गोष्ट आहे; आणि तरी डोळ्यांना पाणी येते.

भागलपुरात आणखी दोन गोष्टी घडल्या. राजू नावाचा एक धाडसी, बेछूट मित्र भेटला. ‘श्रीकांत’मधला इंद्रनाथ तो हाच. आणि दुसरे म्हणजे, या तरुणांनी ‘छाया’ नावाचे एक हस्तलिखित मासिक चालवले. (आपला हा वार्षिक अंक निदान छापला तरी जातो!) या मंडळींपैकी एकाची बहीण, निरुपमादेवी, लहान वयात विधवा झालेली. ती घरात राहून लिही आणि तिचे लेखन भावाच्या हातून बैठकीत पोहोचे. पुढे ती बंगालीतली नामवंत कादंबरीकार झाली. शरदबाबूंच्या कादंबऱ्यांत प्रेम करणाऱ्या आणि त्या प्रेमाला तोंडातून शब्द न फुटू देणाऱ्या विधवा पुन्हा पुन्हा येतात. त्या आल्या कुठून, हे समजायला फार दूर जावे लागत नाही.

१८९४ साली ते एन्ट्रन्स पास झाले आणि भागलपूरच्या कॉलेजात एफ.ए.च्या वर्गात दाखल झाले. पुढच्याच वर्षी आई वारली. परीक्षेची वेळ आली तेव्हा फीचे वीस रुपये भरायला नव्हते. फी भरली नाही, परीक्षा झाली नाही, कॉलेज सुटले ते कायमचे. चरित्रकार हा प्रसंग एका ओळीत उरकतात. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परीक्षेचा फॉर्म भरायचे दिवस आले की आमच्या घरी काय बोलणे होते ते मला माहीत आहे. म्हणून ती एक ओळ मला पुरेना.

यानंतरची काही वर्षे भटकंतीची. जमीनदारी इस्टेटीत थोडी नोकरी, मग तीही सोडली, काही काळ साधूंच्या संगतीत. वडीलही त्या सुमारास गेले. धाकटी भावंडे नातेवाइकांकडे ठेवून १९०३ साली हा तरुण बोटीने रंगूनला निघाला. जाण्यापूर्वी एक गंमत झाली. कुंतलीन नावाचे केसांना लावायचे तेल विकणारी एक कंपनी दरवर्षी कथास्पर्धा घेत असे. शरदबाबूंनी ‘मंदिर’ ही कथा पाठवली, ती मामाच्या नावावर! कथेला पहिले बक्षीस मिळाले. छापील जगात त्यांचा पहिला प्रवेश असा दुसऱ्याच्या नावाने झाला.

रंगूनमध्ये ते सरकारी हिशेब खात्यात कारकून झाले. आता कारकुनाने कारकुनांच्या वस्तीत राहावे, ही जगाची रीत. हे राहिले गावाबाहेर मिस्त्री-कामगारांच्या वस्तीत. लोकांना होमिओपथीची औषधे द्यावीत, त्यांची पत्रे लिहून द्यावीत, भांडणे मिटवावीत, रात्री गाणे म्हणावे, असा क्रम. रंगूनच्या प्रतिष्ठित बंगाली समाजाने अर्थातच नाके मुरडली.

याच वस्तीत ती घटना घडली. एका मिस्त्रीने आपली मुलगी शांती एका वयस्क दारुड्याला द्यायचे ठरवले होते. मुलगी शरदबाबूंच्या आश्रयाला आली. त्यांनी तिच्याशी लग्न केले. मुलगी जातीने ब्राह्मणाचीच होती, हे सांगायला हवे. जातीची भिंत त्यांनी येथे ओलांडली नाही. पण आजोळच्या गांगुलींच्या दृष्टीने मिस्त्रीची मुलगी म्हणजे काय, याची कल्पना कुणालाही येईल. संसार दोनेक वर्षांचा झाला. एक मुलगा झाला. मग रंगूनमध्ये प्लेग आला आणि १९०८ साली बायको आणि मूल, दोघेही गेले. पुढे त्यांनी मोक्षदा नावाच्या गरीब घरच्या मुलीशी लग्न केले, तिचे नाव हिरण्मयी ठेवले, तिला लिहावाचायला शिकवले. ती अखेरपर्यंत त्यांच्या सोबत राहिली.

आता ‘देवदास’कडे येतो. ही कादंबरी रंगूनला जाण्यापूर्वीची, विशी ओलांडून चार-पाच वर्षे झाली असताना लिहिलेली. प्रसिद्ध झाली १९१७ मध्ये. मधल्या काळात ती छापू नये असेच त्यांचे मत होते आणि तसे त्यांनी मित्राला पत्रातून कळवलेही होते. देवदास दारूत बुडाला हे सर्वांच्या लक्षात राहते. तो का बुडाला? पार्वती शेजारच्याच घरातली, लहानपणापासूनची. तिच्या घरचे लग्नाचा विषय काढतात. देवदासची आई नकार देते, कारण चक्रवर्तींचे घर खालच्या प्रतीचे, मुलगी देताना पैसे घेणारे. आणि वर घर शेजारी! इतक्या जवळचे आणि इतके खालचे व्याही मुखर्जींसारख्या जमीनदारांना चालणार कसे? पार्वती मध्यरात्री एकटी त्याच्या खोलीत येते. लौकिक पणाला लावते. आणि हा शिकलेला, कलकत्त्यात राहिलेला मुलगा काय करतो, तर आईबापांची आज्ञा पुढे करून कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून पत्र पाठवतो. नंतर पश्चात्ताप होऊन परत येतो, तेव्हा पार्वतीचा मान जागा झालेला असतो. तिचे उत्तर ऐकून तो मासे पकडायची काठी तिच्या कपाळावर मारतो. नायकाचा हा पराक्रम! देवदासवर मला कधी प्रेम करता आले नाही. त्याची कीव येते, रागही येतो. पार्वतीजवळ धैर्य होते, चंद्रमुखीजवळ तर त्याहून जास्त. धैर्य नव्हते ते ज्याच्या घरी सगळे काही होते त्याच्याजवळ.

शेवट तर फारच भयंकर आहे. देवदास पार्वतीच्या सासरच्या दारात, झाडाखाली मरतो. प्रेत ब्राह्मणाचे असूनही गावातले कुणी त्याला हात लावत नाही. शेवटी चांडाळ येऊन प्रेत नेतात आणि अर्धवट जाळून टाकून देतात. ज्या घराण्याच्या उंचीसाठी पार्वतीला नाकारले, त्या घराण्याच्या मुलाची ही गत. ही दोन-चार वाक्ये शरदबाबूंनी इतक्या कोरडेपणाने लिहिली आहेत, की वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे लागते.

पडद्यावर यातले किती उतरले? मूकपटाच्या काळात, १९२८ साली ‘देवदास’ प्रथम आला. मग १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी प्रमथेश बरुआंनी तो बंगालीत आणि हिंदीत काढला. हिंदीत कुंदनलाल सैगल. त्या हिंदी चित्राचे छायाचित्रण करणारे बिमल रॉय यांनीच १९५५ मध्ये दिलीपकुमारना घेऊन तो पुन्हा केला. आमच्या महाराष्ट्राचा संबंध येथे वेगळ्या रीतीने येतो. ‘देवदास’ पाहून तरुण पिढी रडत बसते, हे व्ही. शांतारामांना मानवले नाही. १९३९ मध्ये पुण्याच्या प्रभातने ‘माणूस’ काढला. त्यात साधा पोलीस गणपत आणि वेश्यावस्तीतली मैना यांचे प्रेम आहे. ते यशस्वी होत नाही, पण गणपत स्वतःला संपवीत नाही, कामावर परत जातो. मला वाटते, ज्याला महिन्याच्या पगारावर पोट भरायचे आहे त्याला देवदास होणे परवडतच नाही, हे शांतारामांनी बरोबर ओळखले.

२००२ साली संजय लीला भन्साळींचा ‘देवदास’ आला. तो पाहताना माझी पंचाईत झाली. त्यातल्या पार्वतीचे घरच एवढे मोठे, रंगीत काचांचे, की ती गरीब म्हणून नाकारली गेली हे पटेना! पार्वती आणि चंद्रमुखी एकत्र नाचतात. कादंबरीत त्या एकमेकींना भेटतही नाहीत. देखावा डोळे दिपवणारा आहे यात शंका नाही. पण दोन घरांतला फरकच पुसला तर आईचा नकार हा नुसता तिच्या तोंडाळपणाचा प्रश्न उरतो.

याउलट ‘परिणीता’. मूळ कथा १९१४ ची. गुरुचरण हा साठ रुपये पगाराचा बँकेतला कारकून. घरी पाचवी मुलगी जन्मते तिथे गोष्ट सुरू होते. घर शेजारच्या श्रीमंत नवीन रायकडे गहाण. पोरकी भाची ललिता आणि नवीन रायचा मुलगा शेखर यांचे प्रेम या गहाणखताच्या सावलीत वाढते. बिमल रॉय यांनी १९५३ साली मीनाकुमारी आणि अशोककुमार यांना घेऊन केलेल्या चित्रपटात ती सावली स्पष्ट आहे. किती रुपयांचे कर्ज आणि कुणाचे, हे कळल्याशिवाय शरदबाबूंचे प्रेम कळत नाही, असे माझे मत आहे.

रंगूनचे दिवस १९१६ मध्ये संपले. तत्पूर्वी, १९०७ साली, ‘बडदिदी’ ही त्यांची जुनी कथा मित्रांनी त्यांना न विचारताच ‘भारती’ मासिकात दिली होती. सुरुवातीला लेखकाचे नाव नव्हते आणि वाचकांना ती रवींद्रनाथांचीच वाटली. १९१२ मध्ये राहत्या घराला आग लागून पुस्तके, चित्रे, ‘चरित्रहीन’चे हस्तलिखित आणि स्त्रियांच्या इतिहासावरील मोठे लेखन जळाले. ‘चरित्रहीन’ त्यांनी पुन्हा लिहून काढली. एका नामांकित मासिकाने ती अनीतिमान म्हणून परत केली, तर दुसऱ्या, लहान मासिकाने छापली. पुढे हावड्याला राहून त्यांनी झपाट्याने लेखन केले, आणि हावडा जिल्हा काँग्रेसचे अध्यक्षपदही सांभाळले. १९२६ च्या ‘पथेर दाबी’वर सरकारने बंदी घातली.

पण मला त्यांच्या या काळातली एक छोटी कथा सर्वांत मोठी वाटते. ‘अभागीर स्वर्ग’. खालच्या मानलेल्या जातीतली एक आई श्रीमंत ब्राह्मणीची थाटाची चिता बघते आणि आपल्यालाही मुलाच्या हातून असाच अग्नी मिळावा अशी इच्छा धरते. ती मरते. तिच्याच हाताने लावलेले झाड अंगणात आहे, पण जमीनदाराची माणसे ते तोडू देत नाहीत. पोर दारोदार लाकूड मागत फिरते आणि शेवटी आईला नदीकाठी पुरते. यात ना नायक, ना नायिका. देवदासला निदान अर्धवट का होईना, आग मिळाली होती.

१९३६ साली ढाका विद्यापीठाने शरदबाबूंना डी.लिट. दिली. एफ.ए.ची परीक्षा त्यांनी कधीच दिली नव्हती. त्या वेळी त्यांचा मुक्काम बराचसा रूपनारायण नदीकाठच्या सामताबेड येथील घरी असे. तेथे शेजारपाजारच्या गरिबांना औषधे देण्याची रंगूनची सवय त्यांनी सोडली नव्हती. यकृताच्या कर्करोगाने १६ जानेवारी १९३८ रोजी कलकत्त्यातील शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. वय एकसष्ट. विष्णू प्रभाकरांनी बरीच वर्षे खपून लिहिलेले त्यांचे ‘आवारा मसीहा’ हे हिंदी चरित्र १९७४ साली आले. ज्यांना हिंदी वाचता येते त्यांनी ते जरूर वाचावे, आणि रंगूनची प्रकरणे आधी वाचावीत.