बी राखणारे फान ली



मासे पकडणे माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. पण मासा पिकासारखा लावावा, वाढवावा आणि त्याचे बी राखावे, असे सांगणारा सर्वांत जुना ग्रंथ ज्यांच्या नावावर आहे, त्या फान ली यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये अनेक राज्ये आपसांत लढत होती. फान ली हे यूए राज्याच्या गौजियान राजाचे मंत्री. इ.स.पू. ४९४ मध्ये शेजारच्या वू राज्याने यूएचा दारुण पराभव केला. राजाला शत्रूच्या दारी चाकरी करावी लागली, असे सांगतात. त्या पडत्या काळात फान ली यांनी त्याची साथ सोडली नाही. राज्य पुन्हा उभे राहिले आणि इ.स.पू. ४७३ मध्ये यूएने वू जिंकले.

विजयानंतर लगेच फान ली यांनी मंत्रिपद सोडले. हा राजा संकटात सोबत घेतो, पण सुखात वाटेकरी सहन करत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी मित्र वेन झोंग यांनाही सावध केले. ते थांबले, आणि पुढे राजाच्याच हुकमाने त्यांना प्राण द्यावे लागले.

फान ली यांनी नाव बदलून समुद्रकाठी मुलांसह शेती केली. संपत्ती आली, पुन्हा मंत्रिपदही चालून आले. ते परत करून आणि धन वाटून ते ताओ गावी व्यापार करू लागले. तेथे १९ वर्षांत त्यांनी तीनदा अमाप पैसा मिळवला आणि दोनदा गोरगरीब मित्रांना, दूरच्या भाऊबंदांना वाटून टाकला, असे इतिहासकार सिमा चियान यांनी नोंदवले आहे.

मत्स्यपालनाचा तो छोटा ग्रंथ त्यांनीच लिहिला का, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यातला मजकूर सहाव्या शतकातील जिया सिशे यांच्या शेतीविषयक ग्रंथात टिकून राहिला. पद्धत अशी: सहा मू (जमिनीचे जुने चिनी माप) जागेत तळे करावे व त्यात नऊ बेटे ठेवावीत. त्यांच्याभोवती फिरताना माशांना आपण नदीतच आहोत असे वाटते. वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात अंडी धरलेल्या २० माद्या आणि ४ नर सोडावेत. मासा निवडला तो कार्प, म्हणजे आपले मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतात तो. कारण हे मासे एकमेकांना खात नाहीत आणि लवकर वाढतात. पुढे तळे भरले की २,००० मासे बियाण्यासाठी ठेवून बाकीचे विकावेत.

आम्हाला या ग्रंथाचे सार त्या २,००० माशांत दिसते. घरात कितीही चणचण असली तरी शहाणा शेतकरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही. आपल्याकडे मात्र पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला झुंबड उडते. ते अंडी घालायलाच वर येत असतात. ते सगळेच संपवले, तर पुढच्या पावसाळ्यात ओढ्यात काय उरणार? यंदा घरी चढणीच्या माशांचा बेत ठरला, की हा प्रश्न मोठ्यांना जरूर विचारा.