सयाजीरावांचा रुपया

कै. श्रीमंत सयाजीराव महाराजांविषयी बडोद्याच्या वाचकाला नवे काही सांगणे कठीणच. शाळा, ग्रंथालये, कलाभवन, बँक ही त्यांची कामे आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात कोणत्या ना कोणत्या रूपाने पोचलेली आहेत. तथापि महाराजांच्या चरित्राचा एक भाग चांदीवर उमटलेला आहे, आणि तो पुष्कळ जुन्या मराठी घरांतून देवघराच्या फडताळात किंवा आजीच्या पेटीत अजून पडून आहे. तो म्हणजे त्यांच्या मुद्रेचा बाबाशाही रुपया.

असा रुपया हाती आला की तो घेऊन घडियाळी पोळ गाठावी, ही आपल्याकडची रीत. मांडवीजवळची ही पोळ सोन्याचांदीच्या दुकानांनी गजबजलेली. गायकवाड सरकारचे पोतदार म्हणून गाजलेल्या हरिभक्तींची हवेलीही याच पोळीत. येथे रुपया तराजूत पडतो, चांदीचा भाव सांगितला जातो आणि पुष्कळदा व्यवहार तिथेच आटोपतो. मात्र एकाच सालाचे दोन रुपये शेजारी ठेवलेले मी पाहिले आहेत. वजनात फरक म्हणावा तर गुंजाभराचा. पण नाणेसंग्राहक एकाला चांदीपेक्षा थोडे अधिक देतो आणि दुसऱ्याला त्याच्या कितीतरी पट. हा फरक कशाने पडतो, हे कळायला महाराजांच्या आयुष्याकडेच वळले पाहिजे.

१८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी काशीराव गायकवाडांच्या घरी जन्मलेला गोपाळ हा मुलगा १८७५ च्या मे महिन्यात बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. मल्हारराव महाराज पदच्युत झाले होते आणि खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांनी या बारा वर्षांच्या मुलाची निवड केली. अक्षरओळखीपासून ज्याचा अभ्यास सुरू करावा लागला, त्याला इलियटसाहेबांनी शिकविले, राजा सर टी. माधवराव यांनी कारभार समजावून दिला, आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्या हाती राज्याची सर्व सूत्रे आली.

त्या वेळी बडोद्याचे नाणे हातोड्याने ठोकून पाडीत. आरंभीच्या गायकवाडी रुपयांवर मोगल बादशहाचेच नाव असे. १८५७ नंतर खंडेरावांनी ते काढून आपल्या घराण्याची सेनाखासखेल समशेर बहादूर ही पदवी फारसी अक्षरांत घातली. सयाजीरावांचे पहिले रुपयेही याच घडणीचे. पुढे यंत्र आले, आणि संवत १९४८, म्हणजे इसवी सन १८९१ पासून महाराजांच्या चेहऱ्याचा रुपया निघू लागला. एका बाजूस पगडी घातलेले तरुण महाराज व भोवती त्यांचे नाव. दुसऱ्या बाजूस पानांच्या वेलीत किंमत, तलवार आणि संवत, सारे देवनागरीत. अर्धा रुपया, पावली, दोन आण्यांचे नाणे व सोन्याची मोहरही याच धर्तीची निघाली.

संग्राहक या रुपयाची प्रत लावताना पहिल्याने पाहतो ती झीज. नाण्याचा जो भाग सर्वांत उंच, तो सर्वांत आधी झिजतो. पगडीच्या घड्या, गाल, कानाजवळचा भाग येथे बारीक रेषा शाबूत आहेत काय? तलवारीची धार दिसते काय? संवताचे चारही आकडे स्वच्छ वाचता येतात काय? टाकसाळीतून निघाल्यावर बाजारात न फिरलेले नाणे पहिल्या प्रतीचे. त्यावर मूळची झळाळी टिकून असते. त्याखाली अति उत्तम, फार चांगले, चांगले अशा पायऱ्या लागतात. अमेरिकेत १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी एक ते सत्तर अशा गुणांची मोजपट्टी काढली, आणि आता जगभर तीच चालते. वरच्या पायऱ्यांवर एकेका गुणाने किंमत उडी घेते, कारण तशी नाणी मुळातच थोडी उरलेली असतात. दुर्मीळपणाचा हिशेब अर्थात वेगळा. ज्या सालाची नाणी फार थोडी आढळतात, त्यातले झिजलेले नाणेही संग्राहक आनंदाने घेतो.

हातोड्याच्या रुपयाला ही कसोटी जशीच्या तशी लावून चालत नाही. तेथे ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, म्हणून अक्षरे अर्धीमुर्धीच उमटत. ज्यावर साल व खूण पुरती आली, त्याला मान अधिक. सराफाने पारख करताना मारलेल्या ठोकरीने मात्र मोल उतरते.

नाण्याची प्रत लावणे विलायतेतून आले, असे कोणी समजू नये. मोगल अमदानीत चालू सालाचा रुपया पुऱ्या किमतीचा. साल उलटले की तो चलनी ठरे आणि त्यावर बट्टा बसे. हाच बट्टा पुढे बाबाशाहीच्या मुळावर आला. १८९३ साली इंग्रज सरकारने आपल्या टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. त्यामुळे कलदार रुपयाची किंमत आतल्या चांदीहून वर राहिली आणि संस्थानी रुपया चांदीच्या भावाबरोबर खाली घसरला. मुंबईशी व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला या वटावाचा फटका बसे. अखेर १९०१ च्या सुमारास महाराजांनी बाबाशाही बंद करून कलदार चालू केला. स्वतःच्या नावाचे नाणे हे राजेपणाचे लक्षण मानले जाई. ते सोडताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्यानंतर त्यांनी अडतीस वर्षे राज्य केले. अमरेलीत १८९३ साली सुरू केलेले सक्तीचे मोफत शिक्षण १९०६ साली सर्व राज्यात नेले, १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन केली, १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उघडली. भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले ते त्यांच्याच शिष्यवृत्तीवर. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस महाराजांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रुपया बाजारातून जाऊन एक पिढी लोटली होती.

आता घरातल्या रुपयाविषयी. तो चिंचेने, राखेने किंवा रांगोळीने घासू नये. चांदीवर काळाने चढलेला सावळा रंग संग्राहकाला प्रिय असतो. घासल्याने तो जातो, बारीक ओरखडे उठतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. कडी डागून हारात ओवलेली मोहर सोन्याच्या भावाला उरते, नाण्याच्या भावाला नाही. शंभर वर्षांवरचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. परदेशातील नातलगाकडे ते पाठवता येत नाही. न फिरलेला स्वच्छ रुपया निघाला, तर जाणत्याला दाखवून योग्य मोलाने द्यावा, त्यात कमीपणा नाही. पण चेहरा पुसट झालेला, ज्याला संग्राहक फारसे देत नाही, तो वितळायला देऊ नये. त्याने कोणाचा पगार, कोणाचा सारा, कोणाची ओवाळणी चुकती केली आहे. ती झीज आपल्याच वाडवडिलांच्या बोटांची आहे. तो मुलांना दाखवावा आणि पुन्हा पेटीत ठेवावा.