महाराज सयाजीराव आणि कामाठीबाग

वडोदऱ्याचे प्राचीन नाव वटपद्रक. वडाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या नगरीस कै. श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी ग्रंथालये दिली, हे आपल्या सभासदांस नव्याने सांगावयास नको. परंतु हा कर्तबगार राजा आयुष्यभर झोपेला पारखा झाला होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा ओझरतीच येते.

मालेगावजवळील कवळाणे गावच्या शेतकरी घराण्यात ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळ २७ मे १८७५ रोजी दत्तकविधीने राजवाड्यात आला. खेड्यातील मोकळे रान सुटले आणि अक्षरओळखीपासून राज्यकारभारापर्यंतचा सारा अभ्यास अवघ्या सहा वर्षांत उरकावा लागला. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याधिकार मिळाले. १८८५ मध्ये पहिल्या पत्नी चिमणाबाई निवर्तल्या. कामाचा व्याप अतोनात आणि तो कोणावर सोपवावा हा स्वभाव नव्हे. अखेर निद्रानाशाने व मानसिक थकव्याने प्रकृती इतकी ढासळली, की १८८७ मध्ये वैद्यकीय सल्ल्यावरून महाराजांना युरोपास जावे लागले. पुढेही दुखणे उलटत राहिले. १९०३ मधील काश्मीरच्या मुक्कामासारखे थंड हवेचे, डोंगरझाडीचे मुक्काम घडत राहिले. राजा राज्याबाहेरच असतो, अशी टीका झाली. १९०० साली लॉर्ड कर्झनच्या सरकारने तर संस्थानिकांच्या परदेशगमनावर परवानगीचे बंधन घातले. मनाच्या आजारास आजार मानण्याची रीत त्या काळी नव्हती. आजही ती पुरती रुळली आहे, असे म्हणवत नाही.

विश्वामित्रीकाठची कामाठीबाग, म्हणजेच सयाजीबाग, १८७९ ची. महाराज तेव्हा सोळा वर्षांचे होते. म्हणून ही बाग त्यांनी आपल्या निद्रानाशावरील उपाय म्हणून निर्मिली, असे म्हणणे कालक्रमास सोडून होईल. महत्त्व आहे ते याचे, की पुढे स्वतः वनश्रीचा आसरा शोधत देशोदेशी फिरलेल्या या राजाच्या राजधानीत ही बाग सामान्य प्रजेसाठी खुली राहिली. क्यू येथील प्रख्यात उद्यानात काम केलेले जर्मन तज्ज्ञ क्रुंबिगेल १८९३ च्या सुमारास बडोद्याच्या सेवेत आले. बंगळूरच्या लालबागेशी त्यांचे नाव जोडले गेले ते त्यानंतर. कामाठीबागेत वृक्षांच्या शंभराच्या घरात जाती आहेत.

ही विविधता केवळ शोभेची नव्हे. इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या बागांत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की जेथे वनस्पतींच्या जाती अधिक, तेथे येणाऱ्यांच्या मनास लाभणारा विसावाही अधिक. नुसती हिरवळ अंथरली म्हणजे काम भागले, या समजुतीला त्यामुळे धक्का बसतो. आपल्या नगरपालांनी हे ध्यानी घ्यावे, अशी नम्र सूचना येथे करावीशी वाटते. कारण विश्वामित्रीच्या काठची झाडी ही केवळ झाडी नाही. भर वस्तीतून वाहणाऱ्या या नदीत मगरींचे वास्तव्य आहे, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या रस्त्यांवर आल्या, हे आपण सर्वांनी पाहिले.

महाराजांचे देहावसान ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस झाले. त्यांच्या बागेत आजही पहाटे फिरावयास येणाऱ्यांत, रात्री डोळ्यास डोळा न लागलेली माणसे थोडी नसतात.