रुपयाचे कारभारी : कै. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख

आपल्या ज्ञातीत लेखणी आणि तलवार या दोहोंचा वारसा सांगण्याची रीत आहे. पैकी तलवारीच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. लेखणीच्या कथा मात्र दप्तरांत पडून राहतात. त्या रंगवून सांगण्याजोग्या नसतात, हे त्याचे एक कारण असावे. प्रस्तुत लेखाचे चरित्रनायक कै. चिंतामणराव देशमुख यांनी सबंध आयुष्य लेखणीवर काढले, आणि त्या लेखणीची एक निशाणी एके काळी हिंदुस्थानातील प्रत्येक घरात, मग ते कोल्हापुरातील वाड्याचे असो वा कोकणातील कुळाच्या झोपडीचे असो, नित्य जात येत होती. ती म्हणजे नोटेवरील त्यांची स्वाक्षरी. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर या नात्याने नोटेवर सही करणारे ते पहिले भारतीय होत.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडच्या परिसरातील नाते या गावी झाला. त्यांचे घराणे रोह्याचे आणि वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते. मातुःश्रींचे नाव भागीरथीबाई. शिक्षण रोह्यास व पुढे मुंबईस झाले. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. त्यांच्या बुद्धीची धाव पाहून कोणासही वाटले असते की हा मुलगा शास्त्री होणार. पण केंब्रिजास जाऊन त्यांनी अभ्यास केला तो वनस्पतिशास्त्राचा. तेथेही बक्षीस मिळविले. १९१८ साली लंडनला झालेल्या आय.सी.एस.च्या परीक्षेत तर ते सर्वांत वर होते. त्या सुमारास लोकमान्य टिळक इंग्लंडात होते. हा मनस्वी तरुण त्यांना भेटला. सरकारी चाकरी पत्करावी की नाही, हा त्या काळच्या प्रत्येक हुशार तरुणापुढचा प्रश्न त्याच्याही मनात होता. चाकरीत शिरून राज्यकारभाराचा अनुभव घ्यावा, तो पुढे देशाच्या कामी येईल, असा सल्ला लोकमान्यांनी दिला. तो किती अचूक होता हे पुढील तीस वर्षांनी दाखवून दिले.

मध्यप्रांत व वऱ्हाडातील त्यांच्या नोकरीचा तपशील येथे देत बसत नाही. जमाबंदी, अर्थखाते, मध्यंतरी १९३१ च्या गोलमेज परिषदेचे चिटणीसपद, अशी ती चढती कमान आहे. आपल्या विषयास खरा आरंभ होतो तो १९३९ च्या जुलैत, ते रिझर्व्ह बँकेत आले तेव्हापासून. बँक स्वतः अवघ्या चार वर्षांची होती. १ एप्रिल १९३५ रोजी ती सुरू झाली आणि तिची पहिली नोट, पाच रुपयांची, १९३८ च्या जानेवारीत निघाली. तोपर्यंत नोटा काढण्याचे काम १८६१ च्या कायद्यान्वये सरकारच करीत असे. चिंतामणराव प्रथम सरकार व बँक यांच्यामधील दुवा म्हणून आले, तीन महिन्यांत बँकेचे चिटणीस झाले, १९४१ अखेर डेप्युटी गव्हर्नर झाले, आणि सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, गव्हर्नरपदी बसले.

ती वेळ मानाची खरी, पण सुखाची नव्हती. महायुद्ध ऐन भरात होते. इंग्रज सरकार हिंदुस्थानात कापड, धान्य, तंबू, बूट, लाकूड जे लागेल ते खरेदी करी आणि त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा करी. कायद्याने बँकेस स्टर्लिंगचे रोखे तारण धरून नोटा काढण्याची मुभा होती. म्हणजे माल येथून गेला, कागदाचे येणे तेथे साठले, आणि येथे त्याच्या बदल्यात नोटा छापल्या गेल्या. युद्धारंभी सुमारे १८० कोटींच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपता संपता तो आकडा बाराशे कोटींच्या वर गेला. बाजारात माल कमी आणि नोटा सहापटीहून अधिक, मग भाव चढले यात नवल ते काय! १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचेही वर्ष. या नोटांवर चिंतामणरावांची सही होती म्हणून त्यांस दोष देणारे लोक तेव्हा होते. आमच्या मते तो दोष सही करणाराचा नव्हे, ज्यांच्या हाती युद्धाची सूत्रे होती त्यांचा. तथापि एवढे मान्य केले पाहिजे की पदाबरोबर पदाचा बोलही येतो, आणि चिंतामणरावांनी तो कधी दुसऱ्यावर ढकलला नाही.

नाण्यांची कथा याहून मजेची आहे. आपल्या वडीलधाऱ्यांची रुपया पारखण्याची रीत म्हणजे तो दगडावर वाजवून घेणे. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. १९४० पर्यंत रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. त्या वर्षी ती निम्म्यावर आणली आणि जुने राणीछाप रुपये परत घेण्यात आले. तरीही लोक नाणी दडवू लागले, कारण कागदापेक्षा धातूवर विश्वास अधिक. सुटी नाणी मिळेनाशी झाली. तांबे वाचावे म्हणून १९४३ साली सरकारने मधोमध भोक असलेला पैसा काढला. पुष्कळांच्या आजीच्या डब्यात हा भोकाचा पैसा दोऱ्यात ओवलेला सापडेल. अमेरिकेकडून कोट्यवधी औंस चांदी उसनी आणावी लागली, आणि ती फेडण्याच्या चिंतेने १९४७ साली रुपयातून चांदी अजिबात गेली. निकेलचा रुपया आला, त्याच्या एका बाजूस वाघ आणि दुसऱ्या बाजूस राजाचा मुखवटा. बंदा रुपया हा शब्द राहिला, त्यातील चांदी गेली.

या धामधुमीतच १९४४ च्या जुलैत अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे चव्वेचाळीस राष्ट्रांची परिषद भरली. युद्धानंतर जगाच्या चलनांची घडी कशी बसवावी हा तेथील विषय. सर जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या हिंदी प्रतिनिधींत चिंतामणराव होते. इंग्लंडकडे साठलेले आपले येणे या परिषदेने विचारात घ्यावे, अशी त्यांची खटपट होती. ती सफळ झाली नाही. पण परतंत्र देशाचे प्रतिनिधी तेथे सल्लामसलतीत कोणापुढे वाकले नाहीत. नव्या नाणेनिधीत हिंदुस्थानास चाळीस कोटी डॉलर्सचा वाटा मिळाला, आणि रशिया बाहेर राहिल्यामुळे पहिल्या पाचांत स्थान मिळाले. त्याच वर्षी त्यांस सर ही पदवी मिळाली.

१२ जानेवारी १९४६ रोजी सरकारने वटहुकूम काढून पाचशे, हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. काळ्या बाजारातील धन बाहेर पडावे हा हेतू. रिझर्व्ह बँकेस या उपायाचा फारसा उत्साह नव्हता, आणि निकालही तसाच लागला. सुमारे १४४ कोटींच्या नोटांपैकी जवळजवळ १३५ कोटींच्या नोटा १९४७ अखेर बदलून गेल्या, अवघ्या नऊ कोटींच्या परत आल्या नाहीत. १९७८ व २०१६ ही वर्षे पाहिलेल्या वाचकांस या आकड्यांवर अधिक भाष्य नको.

मग फाळणी आली. देश तुटला, पण चलन एका रात्रीत तुटत नाही. पाकिस्तानची स्वतःची बँक उभी राहीपर्यंत रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही राज्यांचा कारभार पाहावा असे ठरले. नाशिकच्या छापखान्यात आपल्याच नोटांवर इंग्रजी व उर्दूतून पाकिस्तान सरकारचे नाव छापले गेले आणि १ एप्रिल १९४८ पासून त्या तिकडे चालू झाल्या. इंग्लंडच्या राजाचे चित्र, वर पाकिस्तानचे नाव आणि खाली रोह्याच्या देशमुखांची सही, असा त्या काही नोटांचा थाट होता! इकडे काश्मीरची लढाई पेटलेली. पाकिस्तानास द्यावयाचे ५५ कोटी रुपये सरकारने अडवून धरले, महात्माजींनी उपोषण आरंभिले, आणि १९४८ च्या जानेवारीच्या मध्यास ती रक्कम देण्याचे ठरले. दोन्ही बाजूंचा खजिनदार असलेल्या माणसास त्या महिन्यांत किती तोल सांभाळावा लागला असेल, याची कल्पना करावी. कराचीत १ जुलै १९४८ रोजी त्यांची बँक सुरू झाली आणि हा द्राविडी प्राणायाम संपला. पुढील वर्षारंभी आपली बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. दोनच महिन्यांनी, १ मार्च १९४९ रोजी, आपले करवीर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ३० जूनला चिंतामणरावांनी गव्हर्नरपद सोडले.

स्वतंत्र देशाच्या नोटेवर काय असावे, याचा खल त्याच काळात झाला. राजाच्या जागी महात्माजींचे चित्र घ्यावे असे प्रथम वाटले, तसे नमुनेही तयार झाले. अखेर सारनाथच्या सिंहशीर्षावर एकमत झाले. १९४९ सालची एक रुपयाची नोट ही या नव्या मुद्रेची पहिली. येथे एक गंमत सांगतो. एक रुपयाची नोट बँकेची नसते, ती सरकारची असते. तिच्यावर सही अर्थसचिवाची. त्यामुळे गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणरावांची सही एक रुपयावर कधीच आली नाही.

१ जून १९५० रोजी ते भारताचे अर्थमंत्री झाले आणि अडीच महिन्यांनी, १५ ऑगस्टला, नवी नाणी आली. राजा गेला, सिंह आले. रुपयावर वाघाऐवजी धान्याची कणसे, पैशावर घोडा, आणा व दोन आण्यांवर बैल. १९५२ साली कुलाब्यातून ते लोकसभेवर निवडून गेले. १९५३ मध्ये नोटांवर हिंदीस ठळक जागा मिळाली, तेव्हा रुपया शब्दाचे अनेकवचन काय करावे यावर वाद होऊन रुपये हे रूप ठरले. मराठी माणसास त्यात वादाचे काहीच दिसू नये! १९५५ च्या जुलैत इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, १९५६ च्या जानेवारीत आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला.

परंतु सर्वसामान्य माणसाच्या बोटांवर आणि जिभेवर परिणाम केला तो १९५५ च्या नाणेकायद्याने. तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयास १९२ पै. हा हिशेब जमावा म्हणून पोरांच्या पाठीवर छड्या मोडून पावकी, निमकी, सवाईकी, दिडकी घोकून घेत. नव्या कायद्याने रुपयाचे शंभर नये पैसे केले. १ एप्रिल १९५७ रोजी ते चालू झाले. चार आण्यांचे पंचवीस हे सोपे, पण एका आण्याचे सव्वासहा! मग कोष्टक ठरले : एका आण्यास सहा, दोन आण्यांस बारा, तीन आण्यांस एकोणीस. पाव पैशाची ही झीज कोणी सोसावी, दुकानदाराने की गिऱ्हाइकाने, यावर गावोगाव कटकटी झाल्या. लक्ष्मीपुरीच्या दुकानांत आणि शाहूपुरीच्या गूळबाजारात पुष्कळ दिवस दोन्ही भाषा चालत. १९६४ साली नया शब्द गळला, आणि २०११ साली पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. चार आणे मात्र बोलण्यातून अजून गेलेले नाहीत.

हे पैसे बाजारात आले तेव्हा चिंतामणराव अर्थमंत्री नव्हते. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले. मुंबईत आगडोंब उसळला, पोलिसांनी गोळ्या चालविल्या, माणसे पडली. चिंतामणरावांनी त्याच महिन्यात राजीनामा पुढे केला. तो लगेच स्वीकारला गेला नाही. त्यांनी अंदाजपत्रकही मांडले. अखेर जुलैत ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि २५ जुलैस लोकसभेत त्यांनी आपली कारणे सांगितली : एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळास विश्वासात न घेता झाला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करण्यास सरकार तयार नाही. पंतप्रधानांनी हे आरोप मान्य केले नाहीत. या माणसाने आजवर कधी सभा गाजविली नव्हती, मोर्चा काढला नव्हता. तीस वर्षे शिस्तीत चाकरी केलेला, फायलींवर मोजके लिहिणारा गृहस्थ तो. म्हणून त्या राजीनाम्याचे मोल महाराष्ट्रास अधिक वाटले. कोल्हापुरात तर त्या दिवसांत घरोघर त्यांचे नाव होते. त्यांनी इतक्या उशिरा पद का सोडले, जानेवारीतच का नाही, असे विचारणारेही होते, आणि तो प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. पण पद सोडल्यावर त्यांनी त्याच्याकडे वळून पाहिले नाही. संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला.

पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद हे सारे आले. १९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी ते उभे राहिले व पराभूत झाले. १९७५ साली पद्मविभूषण मिळाले. १९५३ साली त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला होता. समाजकार्यात त्या बाईंची योग्यता पतीहून तिळभर कमी नव्हती. आणि संस्कृत? ते त्यांनी कधीच सोडले नव्हते. मेघदूताचा मराठी पद्यानुवाद त्यांनी केला, महात्माजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. बागेचाही नाद होता. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्र अखेर कामी आले ते असे.

१९८१ साली दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, हैदराबाद येथे चिंतामणरावांचे निधन झाले. १९४९ साली मागे ठेवलेले महात्माजींचे चित्र १९६९ मध्ये जन्मशताब्दीच्या नोटांवर आलेले त्यांनी पाहिले. नेहमीच्या नोटांवर ते पुढे १९८७ साली पाचशेच्या नोटेने आले.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी राजाच्या चित्राची दोन, पाच वा दहा रुपयांची जुनी नोट असेल, त्यांनी ती एकदा उजेडात धरून खालची इंग्रजी सही वाचावी. टेलर असे असेल तर ती देशमुखांच्या आधीच्या गव्हर्नरांच्या सहीची. देशमुख असे असेल तर ती नोट घरातील मुलांस दाखवून ठेवावी.