केशवराव भोसले : स्त्रीभूमिका आणि लोककार्य

काशीतील वाचकास पंचगंगा म्हटले की बिंदुमाधवाचा घाट आठवेल. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा यांचा संगम तेथे मानला जातो. मराठी माणसाला याच नावाची एक नदीही ठाऊक असते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांची ही पंचगंगा कोल्हापूरजवळून वाहते. त्या कोल्हापुरात ९ ऑगस्ट १८९० रोजी केशवराव भोसले यांचा जन्म झाला.

पित्याचे छत्र लवकर हरपल्याने केशव अगदी लहान वयात 'स्वदेश हितचिंतक' नाटक मंडळीत दाखल झाला. कुलीन स्त्रीने रंगभूमीवर यावे, ही कल्पनाही त्या काळी सहन होण्यासारखी नव्हती. त्यामुळे सुरेल गळ्याच्या मुलांना लुगडे नेसवून उभे करण्याचा प्रघात होता. गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आले होते. म्हाताऱ्या श्रीमंताला विकल्या जाणाऱ्या मुलीची ही भूमिका केशवरावांनी बालवयात केली आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांतून स्त्रीसौंदर्याचा एक आदर्श समाजापुढे आला. केशवरावांची शारदा त्याहून निराळी. तिच्या वयाचाच एक पोरका मुलगा तिचे गाऱ्हाणे गात होता, हे तिच्या प्रभावाचे एक कारण असावे असे आम्हांस वाटते. जिच्यासाठी हे नाटक लिहिले गेले तिला मात्र रंगमंचावर स्थान नव्हते, ही विसंगतीही विसरता येत नाही.

१९०८ च्या प्रारंभी हुबळी येथे केशवरावांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची संस्था स्थापन केली. तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते! पुढे रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम त्यांना लाभली. स्त्रीभूमिकांबरोबर ते पुरुषभूमिकाही करू लागले. पण संस्थेचे खरे वैशिष्ट्य नाटकांच्या निवडीत दिसते. मामा वरेरकरांचे हुंड्याच्या चालीवर प्रहार करणारे 'हाच मुलाचा बाप' आणि धर्मांतरितांच्या स्वीकाराचा प्रश्न मांडणारे 'संन्याशाचा संसार' ही नाटके त्यांनी रंगभूमीवर आणली. पौराणिक नाटकांवर तिकीटविक्री निर्धास्त चालत असता मालकाने असा धोका पत्करणे साधी गोष्ट नव्हे.

टिळक १९२० मध्ये वारले. त्यांच्या नावाने उभारल्या जाणाऱ्या स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक, दोघेही स्त्रीभूमिकांनी नावारूपास आलेले. त्यांतील एकाने शेला-पागोटे स्वीकारले म्हणूनच हा योग जुळला. रसिकांनी मात्र त्या रात्रीची आठवण जतन केली ती कोणाचे गाणे सरस ठरले एवढ्याच वादापुरती. फंडाचा हेतू मागे पडला.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले. बापूराव पेंढारकरांनी संस्था सांभाळली आणि १९२३ मध्ये अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील वरेरकरांचे 'तुरुंगाच्या दारात' सादर केले. शाहू महाराजांनी बांधविलेल्या कोल्हापुरातील पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ते नाट्यगृह आगीत जळाले.