पापक्षमा आणि परतफेड : बिशप बार्तोलोमे दे लास कासास

क्षमेची शिकवण आपणा ख्रिस्ती लोकांना नवी नाही. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण दररोज क्षमा मागतो आणि इतरांना क्षमा करण्याची तयारीही दर्शवितो. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याने क्षमा करावी, हा उपदेश जितका कानी पडतो, तितका ज्याने अन्याय केला त्याने काय करावे, हा उपदेश कानी पडत नाही. सोळाव्या शतकातील एका बिशपांनी हाच प्रश्न आपल्या धर्मप्रांतातील धनवंतांना विचारला. त्या बिशपांचे नाव बार्तोलोमे दे लास कासास.

त्यांचा जन्म १४८४ साली स्पेनमधील सेव्हिल या शहरात झाला. त्यांचे वडील पेद्रो हे कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत सहभागी झाले होते. परतताना त्यांनी तेथील एक मूलनिवासी मुलगा गुलाम म्हणून आणला व आपल्या मुलाच्या सेवेस दिला. पुढे राणीच्या आज्ञेने त्या मुलाची सुटका झाली. १५०२ साली बार्तोलोमे स्वतः हिस्पानिओला बेटावर गेले. आज या बेटावर हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक हे देश आहेत. तेथे त्यांनी शेतीवाडी केली, खाणीतील सोन्याचा लाभ घेतला आणि इतर स्पॅनिश लोकांप्रमाणे मूलनिवासींना राबविले. पुढे ते धर्मगुरू झाले, तरी या व्यवहारात फरक पडला नाही.

या व्यवहाराला 'एन्कोमिएन्दा' असे म्हणत. राजसत्ता एखाद्या स्पॅनिश माणसाच्या हवाली काही मूलनिवासी करीत असे. त्याने त्यांचे रक्षण करावे व त्यांना श्रद्धेची शिकवण द्यावी आणि त्यांनी त्याच्यासाठी काम करावे, असा हा करार होता. प्रत्यक्षात ती वेठबिगारी होती. श्रम, उपासमार आणि नवे रोग यांमुळे बेटावरील लोक झपाट्याने मरू लागले.

१५११ च्या आगमनकाळातील चौथ्या रविवारी डोमिनिकन संघाचे फादर आन्तोनियो दे माँतेसिनोस यांनी सान्तो दोमिंगो येथील व्यासपीठावरून या पापाविरुद्ध आवाज उठविला. वसाहतीतील मान्यवर संतापले, पण पुढील रविवारीही फादर मागे हटले नाहीत. त्याच काळात लास कासास एका डोमिनिकन धर्मगुरूंकडे पापनिवेदनासाठी गेले असता, ते मूलनिवासींना राबवितात म्हणून त्या धर्मगुरूंनी त्यांना पापक्षमा नाकारली. लास कासास यांनी वाद घातला व ते परतले. मात्र तो नकार त्यांच्या मनात रुतून बसला.

१५१३ साली ते सैन्याबरोबर क्युबात गेले. काओनाओ गावात निःशस्त्र लोकांची कत्तल त्यांच्या डोळ्यांदेखत झाली. तरीही क्युबात बक्षीस म्हणून मिळालेली जमीन व माणसे त्यांनी स्वीकारली. १५१४ साली पेन्टेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना ते बेनसिराच्या ग्रंथातील ३४ व्या अध्यायापाशी आले. गरिबांच्या मालमत्तेतून केलेले अर्पण देवाला मान्य नाही आणि मजुराची मजुरी बुडविणारा रक्तपात करतो, असा त्या वचनांचा आशय आहे. आपण वेदीवर ठेवतो ती भाकर कोणाच्या घामाची, असा प्रश्न त्यांना पडला असावा असे आम्हांस वाटते. त्यांनी राज्यपालांकडे जाऊन आपल्या ताब्यातील माणसे मुक्त केली आणि त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, व्यासपीठावरून ते जाहीर केले.

यापुढील पन्नास वर्षे त्यांनी याच कार्यासाठी वेचली. त्यांनी अनेकदा समुद्र ओलांडून राजदरबारी दाद मागितली. त्यांनी स्वतः डोमिनिकन संघात प्रवेश केला. १५३७ साली पोप पॉल तिसरे यांनी मूलनिवासी हे बुद्धिमान मानव असून त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे घोषित केले. १५४२ साली, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले त्याच वर्षी, सम्राट पाचवे चार्ल्स यांनी 'नवे कायदे' जारी केले. त्यांत मूलनिवासींना नव्याने गुलाम करण्यास मनाई होती आणि एन्कोमिएन्दा वारसाहक्काने पुढे जाणार नाही, असेही कलम होते. या कायद्यांमागे लास कासास यांच्या प्रयत्नांचा मोठा वाटा होता.

१५४५ साली ते चियापासचे बिशप म्हणून सिउदाद रेआल या शहरात दाखल झाले. प्रायश्चित्तकाळ सुरू होता. जे मूलनिवासींना गुलाम ठेवतात त्यांना पापक्षमा देऊ नये, असा आदेश त्यांनी धर्मगुरूंना दिला. शहरात खळबळ माजली. कॅथेड्रलच्या डीननीच आदेश मोडला. सशस्त्र जमाव बिशपांच्या निवासस्थानी चालून आला. त्याच वर्षी सम्राटांनी वसाहतवाल्यांच्या दबावाखाली वारसाहक्काचे ते कलम मागे घेतले. तरीही बिशपांनी माघार घेतली नाही. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी त्यांनी बारा नियमांची पुस्तिका लिहिली. अन्यायाने धन मिळविलेल्या माणसाने आधी कायदेशीर दस्तऐवज करून परतफेडीची हमी द्यावी, गुलामांना मुक्त करावे, ज्यांचे लुबाडले ते हयात नसतील तर त्यांच्या वारसांना किंवा गावाला परत द्यावे, आणि मगच पापक्षमा मागावी, असे त्या नियमांचे सार होते. १५४८ साली या पुस्तिकेच्या प्रती जप्त करण्याचा राजादेश निघाला.

हे नियम आपणांस कठोर वाटतील. देवाची क्षमा तर विनामूल्य आहे, मग अटी कशासाठी? परंतु लास कासास क्षमा विकत नव्हते. चोरलेली वस्तू हातात घट्ट धरून ठेवणाऱ्याला पश्चात्ताप झाला आहे असे म्हणता येत नाही, एवढेच ते सांगत होते. जक्कयाच्या घरी प्रभू येशू स्वतःहून गेला. त्या भेटीच्या आनंदातच जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. गरिबांना न्याय मिळावा, ही बिशपांची तळमळ होतीच. पण त्यांच्या स्वतःच्या देशबांधवांचे आत्मे नाशाकडे जात आहेत, ही चिंताही तितकीच खरी होती.

१५४७ साली ते स्पेनला परतले व पुढे त्यांनी बिशपपदाचा राजीनामा दिला. १५५० व १५५१ मध्ये व्हायादोलिद येथे विद्वान सेपुल्वेदा यांच्याशी त्यांचा प्रसिद्ध वाद झाला. मूलनिवासी हे स्वभावतःच दास आहेत, हे सेपुल्वेदांचे मत त्यांनी खोडून काढले. पंचांनी मात्र एकमुखी निकाल दिला नाही.

त्यांच्या जीवनातील एक मोठी चूक लपविणे योग्य होणार नाही. १५१६ साली मूलनिवासींचा भार हलका व्हावा म्हणून गुलाम आणण्याची सूचना त्यांनी केली होती, आणि पुढे आफ्रिकी गुलामांबाबतही तसाच सल्ला दिला. आफ्रिकी लोकांची गुलामगिरीही तितकीच अन्यायकारक आहे, हे त्यांना नंतर उमगले. आपल्या इतिहासग्रंथात त्यांनी हा दोष नोंदविला आणि आपले अज्ञान देवाच्या न्यायासनापुढे सबब ठरेल की नाही, याची त्यांना खात्री वाटली नाही. इतरांना जाब विचारणाऱ्याने स्वतःलाही त्याच तराजूत तोलले.

१८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. ज्या शहराने त्यांच्यावर जमाव पाठविला, ते शहर आज त्यांच्याच नावाने सान क्रिस्तोबाल दे लास कासास म्हणून ओळखले जाते.

पापनिवेदनाने पाप क्षमले जाते, पण पापाने केलेले नुकसान आपोआप भरून निघत नाही, असे ख्रिस्तसभा आजही शिकविते. भावाच्या वाट्याची जमीन, कामगाराची अडविलेली मजुरी, शेजाऱ्याची मलिन केलेली अब्रू, यांतील काही आपल्या हाती राहिले आहे काय? पुढच्या वेळी पापनिवेदनास जाताना आपण सर्वांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि जे परत करता येईल ते परत करण्यास वाटेतच आरंभ करावा. तशी कृपा प्रभू आपणांस देवो.